काळाच्या चाळणीआधीची पुस्तके

साहित्याच्या अध्यापनामागे एक जुने गृहीतक असते, की कोणते पुस्तक टिकणार हे काळ ठरवतो आणि काळाने ठरवलेले तेवढे महाविद्यालय पुढच्या पिढीच्या हाती देते. शेक्सपिअर शिकवणाऱ्याला ‘हाच लेखक का?’ या प्रश्नाचे उत्तर सहसा द्यावे लागत नाही, कारण ते उत्तर त्याच्या आधीच्या अनेक पिढ्यांनी देऊन ठेवलेले असते. समकालीन साहित्य शिकवणाऱ्याला ही सोय नाही. त्याचा लेखक अनेकदा हयात असतो, मुलाखती देत असतो, नव्या पुस्तकात जुनी भूमिका सोडत असतो. समीक्षकांचे एकमत झालेले नसते, प्रकाशकाची जाहिरात अजून थांबलेली नसते आणि वर्गातील विशीच्या मुलामुलींना त्या पुस्तकातील जग शिक्षकापेक्षा अधिक ओळखीचे असण्याचा संभव असतो. अमेरिकेतील महाविद्यालयांनी हा अवघड विषय गेल्या पाऊण शतकात पदवीच्या अभ्यासक्रमात प्रतिष्ठित केला आणि तसे करताना एक गोष्ट सिद्ध करून दाखवली: काळाची चाळणी म्हणून जे सांगितले जाते, त्यातील फार मोठे काम प्रत्यक्षात वर्गातच होत असते.

अमेरिकन साहित्य हाच मुळात अमेरिकेच्या विद्यापीठांत उशिरा स्थिरावलेला विषय आहे. एकोणिसावे शतक संपेपर्यंत तेथील इंग्रजी विभाग प्रामुख्याने ब्रिटिश साहित्य शिकवीत आणि स्वदेशी लेखकांना त्याच्या कडेला थोडीफार जागा मिळे. ड्यूक विद्यापीठातून १९२९ मध्ये ‘अमेरिकन लिटरेचर’ हे संशोधनपर नियतकालिक निघू लागले, एफ. ओ. मॅथिसन यांचा इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल आणि व्हिटमन यांच्यावरील ‘अमेरिकन रेनेसाँ’ हा ग्रंथ १९४१ मध्ये आला, आणि मग या विषयाला स्वतःचे अभिजात लेखक मिळाले. पुढच्या दोन दशकांतच, १९६० मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठातून केवळ समकालीन साहित्याला वाहिलेले नियतकालिक सुरू झाले. आज बहुतेक विभाग १९४५, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची अखेर, ही समकालीन साहित्याची आरंभरेषा धरतात. तिच्यापुढचा काळ आता ऐंशी वर्षांचा झाल्यामुळे एकविसाव्या शतकातील साहित्याचा वेगळा अभ्यासक्रम ठेवण्याकडेही कल वाढला आहे.

शिक्षकाने लिहिलेला सिलॅबस

महाराष्ट्रातील वाचकाला या व्यवस्थेतील सर्वांत अपरिचित गोष्ट म्हणजे पुस्तके कोण नेमते ही होय. आपल्याकडे विद्यापीठाचे अभ्यास मंडळ पुस्तके ठरवते आणि संलग्न महाविद्यालयांतील शिक्षक ती शिकवतात. अमेरिकेत विभाग अभ्यासक्रमाचे नाव आणि ढोबळ व्याप्ती मंजूर करतो. त्या चौकटीत कोणती पुस्तके घ्यायची, कोणत्या क्रमाने, कशासाठी किती दिवस द्यायचे आणि मूल्यमापन कसे करायचे, हे सामान्यतः शिकवणारी व्यक्ती स्वतः ठरवते. तिचा सिलॅबस हा काही पानांचा दस्तऐवज असतो. कोणत्या तारखेला कोणत्या पानापर्यंत वाचून यायचे, निबंध केव्हा द्यायचे, उशीर झाल्यास काय होईल, शिक्षक आपल्या खोलीत विद्यार्थ्यांसाठी कोणत्या वेळी बसलेले असतील, हे सारे त्यात लिहिलेले असते आणि पहिल्या तासाला तो विद्यार्थ्यांच्या हाती पडतो. निवड शिक्षकाची असल्यामुळे तिचे समर्थन करण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

असा वर्ग आतून कसा चालतो हे पाहण्याची सोय येल विद्यापीठाने करून ठेवली आहे. एमी हंगरफर्ड यांचा ‘१९४५ नंतरची अमेरिकन कादंबरी’ हा पदवी पातळीवरील अभ्यासक्रम २००८ च्या वसंत सत्रात चित्रित करून सर्वांसाठी विनामूल्य खुला करण्यात आला. आठवड्याला दोन व्याख्याने, त्यांच्या जोडीला ‘सेक्शन’ म्हणून ओळखली जाणारी छोट्या गटांची चर्चा, निबंध आणि शेवटी परीक्षा, अशी त्याची रचना आहे. वाचनाची यादी रिचर्ड राइट यांच्यापासून सुरू होऊन फ्लॅनरी ओकॉनर, नाबोकोव्ह, केरुअ‍ॅक, सॅलिंजर, जॉन बार्थ, टॉमस पिंचन, टोनी मॉरिसन, मॅक्सीन हाँग किंग्स्टन, मॅरिलिन रॉबिन्सन, कॉरमॅक मॅकार्थी, फिलिप रॉथ आणि एडवर्ड पी. जोन्स यांच्यापर्यंत जाते. एका सत्रात इतके वाचायचे म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला एक कादंबरी संपवावी लागते, आणि तीही इतर तीनचार विषय सांभाळून.

कादंबरीच्या या अभ्यासक्रमाची सुरुवात ‘ब्लॅक बॉय’ या आत्मकथनाने होते, ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. राइट यांच्या मूळ हस्तलिखिताचे दोन भाग होते: दक्षिणेतील वंशद्वेषाच्या छायेत गेलेले बालपण आणि उत्तरेकडे, शिकागोला, आल्यानंतरचा भ्रमनिरास. सदस्यांना दरमहा निवडक पुस्तक टपालाने पाठवणाऱ्या ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ या संस्थेला पुस्तक हवे होते, पण दुसरा भाग नको होता. तो वगळून पुस्तक १९४५ मध्ये निघाले आणि दोन्ही भाग लेखकाने योजले होते तसे एकत्र वाचायला १९९१ साल उजाडावे लागले. संस्थेच्या निवड समितीतील डोरोथी कॅनफिल्ड फिशर यांनी राइट यांना पत्रे लिहून पुस्तकाच्या शेवटी अमेरिकन आदर्शांचे ऋण मान्य करण्याचा आग्रह धरला होता. राइट यांनी शेवट काही प्रमाणात बदलला, पण तो आग्रह सर्वस्वी मानला नाही. हंगरफर्ड हा पत्रव्यवहार वर्गात उलगडतात, तेव्हा सत्राच्या आरंभीच विद्यार्थ्यांच्या लक्षात येते, की हातातले पुस्तक लेखकाच्या टेबलावरून थेट आपल्याकडे आलेले नाही; संपादक, वितरक आणि ग्राहक यांच्या वाटाघाटींतून ते घडलेले आहे, आणि आता त्या साखळीत आपला वर्गही आहे.

याच विचाराचा परिपाक यादीच्या शेवटी दिसतो. शेवटची कादंबरी शिक्षिकेने नेमलेली नाही. ती विद्यार्थ्यांनी निवडायची आहे. २००८ च्या वर्गाने जोनाथन सफ्रान फोर यांची २००२ मधील ‘एव्हरीथिंग इज इल्युमिनेटेड’ ही कादंबरी निवडली. सत्रभर दुसऱ्याची निवड तपासल्यावर स्वतः निवड करण्याची वेळ येते, तेव्हा आवडीचे पुस्तक आणि अभ्यासण्याजोगे पुस्तक यांतील फरक सांगावा लागतो. परीक्षेतील कोणताही प्रश्न हे काम इतक्या नेमकेपणाने करू शकत नाही.

निवडीची दुसरी बाजू म्हणजे नकार. हंगरफर्ड यांनीच पुढे ‘मेकिंग लिटरेचर नाऊ’ या २०१६ मधील ग्रंथात डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांची हजारांहून अधिक पानांची ‘इन्फिनिट जेस्ट’ न वाचण्याचा निर्णय जाहीर करून त्याची कारणे मांडली, आणि न वाचलेल्या पुस्तकावर मत कसे देता येईल, असा वाद उसळला. वादात त्यांच्यावर झालेली टीका गैरवाजवी नव्हती. तथापि आयुष्याचे तास मोजके असताना बाजाराने आणि प्रसिद्धीने पुढे केलेले प्रत्येक पुस्तक वाचणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे काय, हा त्यांचा मूळ प्रश्न कोणालाही सहज निकालात काढता आलेला नाही.

ओळीवर बोट ठेवून

समकालीन पुस्तकाभोवती जुन्या टीकेचा आधार नसतो, म्हणून शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला पुस्तकातील शब्दांचाच आधार घ्यावा लागतो. या वाचनपद्धतीला ‘क्लोज रीडिंग’ म्हणतात. छोटा उतारा घेऊन त्यातील शब्दयोजना, वाक्यरचना, निवेदकाचे स्थान आणि मौनाच्या जागा बारकाईने पाहायच्या आणि त्यांतून अर्थापर्यंत पोहोचायचे, असे तिचे स्वरूप असते. क्लिअँथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांच्या ‘अंडरस्टँडिंग पोएट्री’ (१९३८) आणि ‘अंडरस्टँडिंग फिक्शन’ (१९४३) या पाठ्यपुस्तकांनी ती देशभर पोहोचवली, आणि तिच्या प्रसाराला सामाजिक कारणही होते. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च देणाऱ्या १९४४ च्या जी. आय. बिल या कायद्यामुळे २२ लाखांच्या आसपास माजी सैनिक महाविद्यालयांत आले. त्यांतील अनेकांच्या घरात ग्रंथसंग्रह नव्हता, ग्रीक-लॅटिनचा संस्कार नव्हता; अशा वर्गात पान समोर ठेवून सर्वांनी एकाच ठिकाणाहून सुरुवात करणे ही पद्धत मोठी लोकशाहीवादी ठरली. लेखकाचा काळ आणि समाज ती बाजूला ठेवते, हा पुढच्या पिढीने घेतलेला आक्षेपही खरा होता, आणि म्हणून आजच्या वर्गात ओळीचे वाचन आणि इतिहासाचे वाचन ही दोन्ही एकत्र चालतात.

टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) या पहिल्या कादंबरीचे पहिले पान या संदर्भात वर्गावर्गांत पुन्हा पुन्हा उघडले जाते. अमेरिकन शाळांत एके काळी घरोघरच्या मुलांना वाचायला शिकवणाऱ्या प्राथमिक पुस्तकाच्या धर्तीवरचा एक उतारा तेथे आहे: सुंदर घर, आई, वडील, मुले, कुत्रा, मांजर. तोच मजकूर पुढे विरामचिन्हांशिवाय येतो आणि तिसऱ्यांदा शब्दांमधील जागाही नाहीशा होऊन अक्षरांची सलग भिंत उभी राहते. विद्यार्थ्यांना अर्थ सांगण्याऐवजी तिन्ही आवृत्त्या मोठ्याने वाचायला सांगितल्या, तर तिसऱ्या वेळी वाचणाऱ्याचा श्वास अडकतो; आणि निळे डोळे मिळावेत म्हणून आसुसलेल्या कृष्णवर्णीय मुलीच्या आयुष्यात ते आदर्श गोऱ्या कुटुंबाचे चित्र काय उत्पात घडवते, याची जाण कथानक सुरू होण्यापूर्वीच येते. वाचायला शिकवणारे पुस्तकच येथे हिंसेचे साधन झालेले आहे, हे निरीक्षण मुलांनी स्वतः करणे आणि शिक्षकाकडून टिपून घेणे यांत जे अंतर आहे, त्यावर या शिक्षणाचे यश अवलंबून असते.

सेक्शनमधील चर्चा बहुधा पीएच.डी. करणारे तरुण सहायक शिक्षक चालवतात. ‘मला पात्र आवडले नाही’ असे कोणी म्हटले, की ‘कोणत्या पानावर?’ असा प्रतिप्रश्न येतो. निबंधातही कथानक सांगून गुण मिळत नाहीत. वाद घालता येईल असे एक विधान मांडून ते उताऱ्यांच्या पुराव्याने पेलून दाखवावे लागते.

वर्गाने वाचवलेली पुस्तके

झोरा नील हर्स्टन यांची ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ ही १९३७ मधील कादंबरी आज अमेरिकेत सर्वत्र शिकवली जाते, पण १९६० मध्ये हर्स्टन वारल्या तेव्हा त्या विस्मृतीत गेल्या होत्या. एलिस वॉकर यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी वेल्स्ली महाविद्यालयात कृष्णवर्णीय लेखिकांवर अभ्यासक्रम घेतला, १९७३ मध्ये फ्लोरिडातील फोर्ट पिअर्स येथे जाऊन हर्स्टन यांच्या बेवारस दफनस्थळी शिळा बसवली आणि १९७५ मध्ये ‘मिस’ या नियतकालिकात त्या शोधावर लेख लिहिला. शिक्षक त्या वेळी कादंबरीच्या छायाप्रती काढून शिकवीत होते. त्याच वर्षी भाषासाहित्याच्या प्राध्यापकांच्या ‘मॉडर्न लँग्वेज असोसिएशन’ या संघटनेच्या अधिवेशनात पुस्तक पुन्हा छापावे अशी मागणी करणारा अर्ज सह्यांसाठी फिरला आणि १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने नवी आवृत्ती काढली. काळाने नाकारलेले पुस्तक वर्गाने परत आणले.

‘द ब्लूएस्ट आय’ची कहाणीही याच काळातली. आरंभी खप बेताचा असलेली ही कादंबरी न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतील नव्याने स्थापन झालेल्या कृष्णवर्णीय अभ्यास विभागाने वाचनयादीत घेतली, इतर महाविद्यालयांनी तिचे अनुकरण केले आणि वाचकवर्ग वाढत गेला. लेखिकेला नोबेल पारितोषिक मिळायला तेव्हा दोन दशके अवकाश होता.

यादी बदलण्याचे काम संग्रहग्रंथांतूनही झाले. निवडक लेखकांच्या साहित्याचे जाडजूड संकलन, ज्याला ‘अँथॉलॉजी’ म्हणतात, हे अमेरिकन साहित्याच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे मुख्य साधन असते. ‘नॉर्टन अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन लिटरेचर’ची पहिली आवृत्ती १९७९ मध्ये निघाली, पॉल लॉटर यांच्या संपादनाखालील ‘हीथ अँथॉलॉजी’ने १९९० मध्ये स्त्रिया, कृष्णवर्णीय, मूलनिवासी, स्पॅनिशभाषक आणि आशियाई अमेरिकन लेखकांना इतकी जागा दिली, की इतर संकलनांनाही आपली निवड तपासावी लागली. समकालीन भागापुढे मात्र कायद्याची अडचण उभी असते. अमेरिकेत १९७८ पूर्वी प्रकाशित झालेल्या आणि हक्क राखलेल्या साहित्याला प्रकाशनापासून ९५ वर्षे आणि त्यानंतरच्या साहित्याला सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे संरक्षण असते. त्यामुळे व्हिटमन विनामूल्य छापता येतो आणि जिवंत कवीच्या चार पानांसाठी परवानगी आणि मोबदला द्यावा लागतो. शिवाय दोन सत्रांत सारे अमेरिकन साहित्य बसवणाऱ्या सर्वेक्षणात्मक अभ्यासक्रमात आजचे लेखक शेवटच्या आठवड्यांत येतात, जेव्हा परीक्षा तोंडावर असतात आणि वेळापत्रक आधीच मागे पडलेले असते. स्थानिक, दोन वर्षांच्या, कमी शुल्काच्या ‘कम्युनिटी कॉलेज’मध्ये शिकणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांना समकालीन साहित्य एवढेच भेटते, हे या व्यवस्थेचे मोठे वैगुण्य आहे.

हार्लेममधील सिटी कॉलेज

येलसारख्या संपन्न विद्यापीठाकडे पाहून या विषयाची कल्पना बांधणे अपुरे ठरेल, कारण त्याची खरी उलथापालथ सार्वजनिक महाविद्यालयांत झाली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील सिटी कॉलेजमध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यास ‘सीक’ नावाची योजना सुरू झाली. शालेय गुण कमी पडल्यामुळे प्रवेश नाकारल्या जाणाऱ्या, प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन, गरीब विद्यार्थ्यांना आर्थिक साहाय्यासह प्रवेश देऊन त्यांचे लेखन-वाचन पक्के करणे हा तिचा हेतू होता. तिच्यात शिकवायला आलेल्यांत टोनी केड बम्बारा, जून जॉर्डन, ऑड्री लॉर्ड आणि एड्रिएन रिच होत्या. ज्यांच्या कविता आणि कथा आज समकालीन अमेरिकन साहित्य म्हणून अभ्यासल्या जातात, त्या लेखिका स्वतः तेव्हा प्रथम वर्षाच्या मुलांच्या वह्या तपासत होत्या. १९६९ च्या वसंतात कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचा परिसर ताब्यात घेतला आणि १९७० पासून शहरातील सर्व शालान्त विद्यार्थ्यांना सिटी युनिव्हर्सिटीचे दरवाजे खुले करण्याचे धोरण आले. पुढे लॉर्ड पोलीस आणि न्यायव्यवस्थेचे शिक्षण देणाऱ्या जॉन जे कॉलेजमध्ये शिकवू लागल्या, जेथे समोरच्या बाकांवर नोकरीतील पोलीसही बसलेले असत.

या लेखिकांची अध्यापनविषयक टिपणे, सिलॅबस आणि पत्रे सिटी युनिव्हर्सिटीच्या ‘लॉस्ट अँड फाउंड’ या पुस्तिकामालेतून प्रकाशित झाली आहेत. त्यांत दिसणारी वृत्ती मनावर ठसते: विद्यार्थ्याच्या भाषेतील उणिवा दूर करायच्या, पण त्याची भाषा उणी मानायची नाही. देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये, नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ असा सुमारे पाच महिने चाललेला विद्यार्थ्यांचा संप वांशिक अल्पसंख्याकांच्या अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय मिळवून संपला. आज वाचनयाद्यांत दिसणारे वैविध्य हे समित्यांच्या औदार्याचे फळ नाही, त्यामागे हे लढे आहेत, ही गोष्ट वर्गात सांगितली गेली पाहिजे.

काय सांगावे, काय राखावे

यादी व्यापक झाली, तसे नवे नैतिक प्रश्न वर्गात आले. लेस्ली मार्मन सिल्को यांची ‘सेरेमनी’ (१९७७) ही कादंबरी महायुद्धातून मनाने उद्ध्वस्त होऊन परतलेल्या टायो या लगूना पुएब्लो तरुणाची कथा आहे आणि तिच्या निवेदनात त्या जमातीच्या पारंपरिक कथा गुंफलेल्या आहेत. समीक्षक पॉला गन अ‍ॅलन यांचे नातेही लगूनाशीच. त्यांनी १९९० मधील एका लेखात सांगितले, की यांतील काही कथा कुळाबाहेर सांगायच्या नसतात असे त्यांच्यावरचे संस्कार आहेत आणि म्हणून ही कादंबरी शिकवणे त्यांना जड जाते. विद्यापीठीय ज्ञानव्यवहार अधिक संदर्भ, अधिक स्पष्टीकरण यांवर उभा आहे. ज्या संस्कृतीत काही ज्ञान न सांगणे हीच मर्यादा असते, तिचे साहित्य शिकवताना त्या व्यवहाराला थांबावे लागते. अ‍ॅलन यांचा आक्षेप मान्य असो वा नसो, कादंबरीसोबत तो लेखही वाचायला देणारा शिक्षक विद्यार्थ्यांना अधिक मोलाचे काही देतो.

क्लॉडिया रँकिन यांचे ‘सिटिझन’ (२०१४) हे पुस्तक वेगळाच प्रश्न उभा करते. दैनंदिन व्यवहारातील वंशद्वेषाचे लहानलहान घाव ते द्वितीय पुरुषी निवेदनात, वाचकालाच संबोधून, मांडते; त्यात गद्य आहे, चित्रे आहेत, आणि नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलच्या पुरस्कारासाठी ते कविता आणि समीक्षा अशा दोन्ही विभागांत नामांकित झाले होते. त्यातील एका पानावर हिंसेत प्राण गमावलेल्या कृष्णवर्णीयांची नावे आहेत आणि नव्या छपाईगणिक ती यादी वाढत गेली आहे. त्यामुळे एकाच वर्गातील दोन विद्यार्थ्यांच्या प्रतींत ते पान सारखे नसू शकते. जुन्या ग्रंथांचे पाठभेद शोधणाऱ्या संशोधकाची पद्धत येथे आजच्या पुस्तकाला लावावी लागते, आणि पाठ वेगळा असण्याचे कारण नकलाकाराची चूक नसून बाहेरच्या रस्त्यावरील मृत्यू असते.

छापलेल्या वंशद्वेषी शिव्या वर्गात मोठ्याने वाचायच्या की नाही, लैंगिक अत्याचाराचे प्रसंग असलेल्या पुस्तकाची पूर्वसूचना द्यायची की नाही, हे आता अनेक शिक्षक सत्राच्या आरंभीच विद्यार्थ्यांशी बोलून ठरवतात. हा नाजूकपणा अनावश्यक आहे असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण मॉरिसन यांचीच ‘द ब्लूएस्ट आय’ वाचताना वर्गातील एखाद्या मुलीला त्यातील अत्याचाराचा प्रसंग कल्पनेतला वाटत नसेल, हे लक्षात घेतले तर त्या चर्चेचे मोल कळते.

लेखक शिक्षक होतात तेव्हा

समकालीन अमेरिकन साहित्य महाविद्यालयात केवळ वाचले जात नाही, ते तेथेच लिहिलेही जाते. आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये स्थापन झालेल्या लेखन कार्यशाळेने सर्जनशील लेखनाला पदवीचा दर्जा दिला आणि १९७५ मध्ये पन्नासच्या घरात असलेले असे कार्यक्रम २००४ पर्यंत साडेतीनशेवर गेले, असे मार्क मॅकगर्ल यांनी ‘द प्रोग्रॅम एरा’ (२००९) या ग्रंथात नोंदवले आहे. युद्धोत्तर अमेरिकन कथासाहित्याचा इतिहास या कार्यक्रमांना वगळून लिहिता येत नाही, हे त्यांचे प्रतिपादन आता सर्वमान्य म्हणावे असे आहे. कार्यशाळेची प्रचलित रीत अशी, की विद्यार्थ्याची कथा सर्वांनी आधी वाचून यायची आणि चर्चा चालू असताना लेखकाने गप्प राहायचे. शिकागोतील मेक्सिकन अमेरिकन कुटुंबातून आयोवात आलेल्या सँड्रा सिस्नेरोस यांनी सांगितले आहे, की घराच्या प्रतिमेवरील एका चर्चेत सहाध्यायांच्या मनातील घर आपल्या अनुभवातील घराहून सर्वस्वी निराळे असल्याचे त्यांना उमगले आणि त्या एकटेपणातून ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ (१९८४) या पुस्तकाची वाट सापडली. मॅथ्यू सॅलेसेस यांच्यासारखे आजचे लेखक-शिक्षक लेखकाला गप्प बसवणारी ही रीतच बदलावी असे म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. ज्याचे जग वर्गाला अपरिचित आहे, त्याचे मौन बहुमताच्या अज्ञानाला बळ देते.

आयोवातच १९६७ मध्ये पॉल एंगल आणि न्ये ह्वालिंग यांनी जगभरच्या लेखकांसाठी आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम सुरू केला. मराठी कवी दिलीप चित्रे १९७० च्या दशकात तेथे होते.

मराठवाड्यापर्यंत आलेला धागा

मराठीशी या विषयाचा सर्वांत सखोल संबंध औरंगाबादमधून जोडला गेला. अमेरिकेत शिक्षण घेऊन परतलेले डॉ. म. ना. वानखेडे मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात कृष्णवर्णीय लेखकांविषयी बोलू-लिहू लागले आणि दलित लेखकांनी त्या साहित्याकडे पाहावे असा आग्रह धरू लागले. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने या विचाराला व्यासपीठ दिले. १९६६ मध्ये ओकलंड येथे स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ मराठीत लिहून, इंग्रजी न वाचणाऱ्या विद्यार्थ्यालाही ती परंपरा उपलब्ध केली. राइट आणि बॉल्डविन हे कृष्णवर्णीय लेखक येथे परीक्षेपुरते वाचले गेले नाहीत. आपल्या अनुभवाला साहित्यात स्थान आहे याचा पुरावा म्हणून वाचले गेले. अमेरिकन साहित्याचा इतका अर्थपूर्ण अभ्यास भारतात क्वचितच झाला असेल. हैदराबादेत १९६४ मध्ये उभ्या राहिलेल्या अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटरच्या ग्रंथालयाने भारतातील इंग्रजीच्या प्राध्यापकांना संशोधनाची साधने पुरवली, तेही मोठे काम होते. पण पुस्तक कशासाठी वाचायचे याचे उत्तर मिलिंदच्या परिसरातून मिळाले.

आकसणारे वर्ग

अमेरिकेत या विषयाचे दिवस सध्या सुखाचे नाहीत. इंग्रजी हा मुख्य विषय घेणाऱ्यांची संख्या घटत आहे. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीसारख्या विशाल सार्वजनिक विद्यापीठाच्या परिसरात २०१२ मध्ये असे ९५३ विद्यार्थी होते, ते करोनाच्या साथीच्या आरंभापर्यंत ५७८ झाले. शिकवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक कायम नेमणुकीच्या वाटेवर नाहीत, अनेकांना अभ्यासक्रमागणिक मानधन मिळते, आणि पुढील सत्रात काम मिळेल की नाही हे ठाऊक नसलेला शिक्षक वादग्रस्त पुस्तक नेमताना दहादा विचार करतो. फ्लोरिडात २०२२ मध्ये वंश आणि लिंगभाव यांविषयी वर्गात काय मांडता येईल यावर बंधने घालणारा कायदा झाला. विद्यापीठांपुरती त्याची अंमलबजावणी संघीय न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रोखली, पण २०२३ मध्ये सर्वांना घ्याव्या लागणाऱ्या सामान्य शिक्षणाच्या अभ्यासक्रमांवर नवी बंधने आली. ‘द ब्लूएस्ट आय’ शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांतून काढून टाकण्याची सर्वाधिक मागणी होणाऱ्या पुस्तकांत आहे. त्यात चॅट-जीपीटी २०२२ च्या अखेरीस आल्यापासून घरी लिहिलेल्या निबंधावरचा विश्वास डळमळला आणि ‘ब्लू बुक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निळ्या मुखपृष्ठाच्या उत्तरपुस्तिका वर्गात परत आल्या. हाताने, पुस्तक उघडे ठेवून, तासाभरात उताऱ्यावर लिहायला लावणारी ही परीक्षा वाईट नाही. दोन आठवडे विचार मुरवून लिहिलेल्या निबंधाची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालये आता स्वायत्त आहेत आणि त्यांची स्वतःची अभ्यास मंडळे आहेत. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही विभागांनी येत्या वर्षापासून पदवीच्या एका तरी सत्रात एक पुस्तक मोकळे ठेवावे: गेल्या दहा वर्षांत प्रसिद्ध झालेले, शिकवणाऱ्या शिक्षकाने आणि शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी मिळून, कारणे लिहून निवडलेले. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही आणि स्वायत्ततेच्या चौकटीत तो अधिकार या मंडळांकडे आहे. त्यांनी तो वापरावा.